काचेतला समुद्र

सह्याद्रीतून निघालेली कुंडलिका नदी कोलाडवरून रोह्यास येते. रोह्यापर्यंत ती नदी असते. पुढे तिची खाडी होते. भरती आली म्हणजे समुद्राचे पाणी या खाडीतून वर चढते, आणि ओहोटी लागली म्हणजे ते गढूळ होऊन मागे फिरते. रोह्यातील मुलांना घराच्या ओट्यावरून समुद्र दिसत नाही. परंतु तो दूर नाही, एवढे त्यांना खाडी रोज सांगत असते. खाडीच्या वाटेने पश्चिमेस तीस-पस्तीस किलोमीटर गेले, की रेवदंडा व कोरलई ही गावे लागतात. तेथे कुंडलिका अरबी समुद्रास मिळते.

ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरील काळे खडक उघडे पडतात आणि त्यांच्या खळग्यांत पाणी साचून राहते. असा एखादा खळगा पाहावयाचा, तर अगदी शांतपणे त्याच्या काठी बसावे लागते. प्रथम काहीच दिसत नाही. मग एक शंख हळूच चालू लागतो; त्याच्या आत मूळचा धनी नसून एक लहानसा खेकडा बिऱ्हाड करून राहिलेला असतो. कपारीत फुलासारखे काही उमललेले असते. त्यावर सावली पडताच ते मिटते. ते फूल नव्हे. तो समुद्रपुष्प नावाचा प्राणी होय. बोटाएवढा मासा एका दगडाखालून निघून दुसऱ्या दगडाखाली नाहीसा होतो. ओंजळभर पाण्यात एवढे जग पाहिले, की हा खळगा उचलून घरी नेता आला तर किती बरे होईल, असा विचार प्रत्येकाच्या मनात येतोच.

हा विचार नवा नाही. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी तो एका फ्रेंच स्त्रीच्या मनात आला. तिचे नाव झान व्हिलप्रू. ती खेड्यातील एका चांभाराची मुलगी होती आणि पॅरिसमध्ये शिवणकाम करून पोट भरीत असे. पुढे ती सिसिली बेटावरील मेसिना या बंदरात राहावयास गेली. तेथील समुद्रात अर्गोनॉट नावाचा एक आठ बाहूंचा प्राणी कागदासारख्या पातळ शिंपल्यात राहतो. तो शिंपला त्याने स्वतः घडविलेला असतो, की दुसऱ्या प्राण्याचा बळकाविलेला असतो, याविषयी विद्वानांत वाद होता. मेलेल्या प्राण्याकडे पाहून हा वाद मिटणार नाही, हे तिने जाणले. १८३२ साली तिने काचेची टाकी करविली, तीत समुद्राचे पाणी भरले आणि जिवंत अर्गोनॉट पाळले. शिंपला फुटला तर तो प्राणी स्वतःच दुरुस्त करतो, हे तिने प्रत्यक्ष पाहिले, आणि वाद मिटला.

पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांना पाहण्यासाठी मत्स्यालय उघडण्यात आले. त्याच्या उभारणीत फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाचा मोठा हात होता. आपल्या मुंबईतही मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. त्याचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले होते. पुढे कित्येक वर्षे कोकणातील शाळांच्या सहली मुंबईस गेल्या, की तारापोरवाला मत्स्यालय पाहिल्यावाचून परतत नसत.

घरात समुद्र मांडणे हे वरवर पाहता सोपे वाटते. काचेची पेटी, खारे पाणी, चार दगड, वर एक दिवा. आणखी काय हवे? परंतु समुद्र जी कामे न सांगता, न थकता करीत असतो, ती सारी कामे येथे माणसाला आपल्या हातांनी करावी लागतात. ती कोणती, हे एकेक करून पाहू.

पहिली गोष्ट पाण्याची. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकी सत्तावीस ग्रॅमच्या आसपास आपले नेहमीचे मीठ असते. उरलेल्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादींचे क्षार असतात. मग गोड्या पाण्यात मीठ विरघळविले, तर समुद्राचे पाणी तयार होईल का? याचे उत्तर पेण तालुक्यातील मिठागरांनी कित्येक पिढ्यांपासून देऊन ठेवले आहे. मिठागराच्या वाफ्यात समुद्राचे पाणी उन्हाने आटू लागले, की प्रथम चुन्याचे क्षार खाली बसतात. मग मिठाचे खडे जमतात. आणि मॅग्नेशियमचे क्षार शेवटच्या कडवट पाण्यात राहतात. ते कडवट पाणी सोडून देतात व मीठ तेवढे गोळा करतात. म्हणजे मीठ हा समुद्राचा एक अंश आहे. तो समुद्र नव्हे. नुसत्या मिठाच्या पाण्यात शंखाला शंख वाढविण्यास चुना मिळत नाही आणि कोणताच सागरी जीव सुखाने राहत नाही. म्हणून पाणी समुद्राचेच आणावे लागते, किंवा सर्व क्षार योग्य प्रमाणात मिसळून बाजारात मिळणारे मिश्रण वापरावे लागते.

समुद्राचे पाणी आणावयाचे तेही कोठून व केव्हा, याचा विचार हवा. खाडीच्या तोंडाशी नदीचे गोडे पाणी मिसळते. म्हणून तेथून दूर, मोकळ्या किनाऱ्यावर, भर भरतीच्या वेळी पाणी भरावे. पावसाळ्यात सह्याद्रीवरून तांबडे पाणी लोटत येते आणि किनाऱ्याजवळचा समुद्रही फिका व गढूळ होतो. तेव्हा हे काम दिवाळीनंतर करावे, हे चांगले. पाणी स्वच्छ फडक्यातून गाळून झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यांत ठेवावे. तांब्या-पितळेचे भांडे मात्र या कामी चुकूनही वापरू नये. कारण तांब्याचा अल्पसा अंश जरी पाण्यात उतरला, तरी शंख व खेकडे यांना तो विष ठरतो.

दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी टाकी घेतली, तर तीत काठोकाठ सुमारे छप्पन्न लिटर पाणी मावते. काठ थोडे मोकळे सोडून पन्नास लिटर भरले, तरी पाण्याचे वजन पन्नास किलोच्या वर जाते. दगडांचे वजन वेगळे. म्हणून टाकी डळमळत्या मेजावर न ठेवता भक्कम व सपाट बैठकीवर ठेवतात. टाकी याहून लहान घेणे स्वस्त पडते, पण सोपे पडत नाही. पेलाभर पाणी लवकर तापते, लवकर आटते आणि लवकर बिघडते. समुद्र मात्र सहसा बदलत नाही. पाणी जितके अधिक, तितके ते समुद्राच्या स्वभावाजवळ जाते.

आता एक हिशेब. पन्नास लिटर पाण्यात दर लिटरला पस्तीस ग्रॅम याप्रमाणे सतराशे पन्नास ग्रॅम, म्हणजे पावणेदोन किलो क्षार असतात. कोकणातील उन्हाळ्यात टाकीतील पाणी आटू लागते. समजा, काही दिवसांत दहा लिटर पाणी आटले आणि टाकीच्या मालकाने मोठ्या प्रेमाने समुद्राचेच दहा लिटर पाणी तीत ओतले. त्याला वाटेल, की आपण योग्य तेच केले. परंतु आटले ते केवळ पाणी. क्षार सगळे टाकीतच राहिले होते. त्यांत नव्या पाण्याबरोबर साडेतीनशे ग्रॅम क्षारांची भर पडली. आता पन्नास लिटरमध्ये एकवीसशे ग्रॅम, म्हणजे दर लिटरला बेचाळीस ग्रॅम क्षार झाले! असे दोनदा घडले, की टाकीतील जीव एकामागून एक मरू लागतात आणि मालकाला कारण उमगत नाही. म्हणून काचेवर पाण्याच्या पातळीची खूण करतात, आणि आटलेल्या पाण्याची भर नेहमी गोड्या पाण्यानेच घालतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मग घेतात.

दुसरी गोष्ट धीराची. टाकी भरली, दगड रचले, पाणी निवळले, तरी तीत लगेच प्राणी सोडावयाचे नसतात. प्राण्यांच्या मलमूत्रातून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. हा विषारी आहे. समुद्रात तो साठत नाही, कारण दगडांवर व वाळूवर राहणारे डोळ्यांना न दिसणारे जीवाणू त्याचे रूपांतर करून टाकतात. एका जातीचे जीवाणू अमोनियापासून नायट्राइट करतात. ते नायट्राइटही विषारीच असते. दुसऱ्या जातीचे जीवाणू त्यापासून नायट्रेट करतात. ते पुष्कळच निरुपद्रवी असते. शेतात घातलेल्या शेणखताचे पिकाला उपयोगी पडणारे अन्न होते, तेही अशाच जीवाणूंमुळे. हे काम करणारे जीवाणू विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेगळे करून दाखविले. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वस्ती होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत टाकी रिकामी दिसते. पण ती रिकामी नसते. ज्याला हे समजते, तो थांबतो. ज्याला समजत नाही, तो पहिल्याच दिवशी मासे आणतो आणि आठवड्याने त्यांना पुरतो.

तिसरी गोष्ट प्रकाशाची. आणि येथेच प्रवाळाची कथा सुरू होते.

चित्रांतून दिसणारी प्रवाळांची बाग पाहिली, की ती झाडांची बाग वाटते. पूर्वीच्या विद्वानांनाही तसेच वाटे. अठराव्या शतकात पेसोनेल नावाच्या फ्रेंच वैद्याने सांगितले, की प्रवाळाची ही फुले म्हणजे फुले नव्हेत, ते बारीक प्राणी आहेत. तेव्हा त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. परंतु त्याचेच म्हणणे खरे ठरले. प्रवाळ हा समुद्रपुष्पाचा चुलत भाऊ होय. एकेक प्राणी बहुधा करंगळीच्या नखाएवढा किंवा त्याहूनही लहान असतो. तो समुद्रातील चुना घेऊन आपल्याखाली कठीण घर बांधतो. त्याच्या शेजारी दुसरा, दुसऱ्याशेजारी तिसरा, अशी लक्षावधी घरे होतात. जुन्यांवर नवी चढतात, आणि हजारो वर्षांनी समुद्रात खडकच्या खडक उभे राहतात. लक्षद्वीपची बेटे अशीच उभी राहिली आहेत.

एवढे बांधकाम करण्यास लागणारे बळ या चिमुकल्या प्राण्याला कोठून मिळते? त्याच्या शरीरातच अतिसूक्ष्म शैवाल राहते. हे शैवाल म्हणजे त्याचे भाडेकरू होत. प्राणी त्यांना आसरा देतो आणि त्याच्या शरीरातील टाकाऊ द्रव्ये शैवालाला खत म्हणून मिळतात. शैवाल सूर्यप्रकाशाच्या साह्याने साखर तयार करते व तिचा मोठा वाटा भाडे म्हणून घरमालकाला देते. कित्येक प्रवाळांना आपल्या गरजेच्या नव्वद टक्क्यांपर्यंत अन्न अशा रीतीने मिळते. रात्री ते आपले स्पर्शतंतू पसरून बारीक जीवही पकडतात. पण खरा संसार चालतो तो दिवसाच्या उजेडावर. म्हणून प्रवाळ पाळणे म्हणजे एका परीने शेती करणे होय. त्याला उजेड मिळाला नाही, तर शैवाल मरते, आणि भाडेकरू गेले की घरमालकही उपाशी पडतो.

आईच्या गळ्यातील माळेत ओवलेले तांबडे पोवळे हेही प्रवाळच. परंतु ते निराळ्या जातीचे. ते भूमध्य समुद्रातील अंधाऱ्या कपारींत व खोल पाण्यात वाढते. त्याच्या शरीरात शैवाल नसते, म्हणून त्याला उजेडाची गरजही नसते.

प्रकाश पाण्यात शिरला, की तो जसाच्या तसा राहत नाही. सूर्याच्या पांढऱ्या प्रकाशात सर्व रंग असतात. त्यांपैकी तांबडा रंग पाणी सर्वांत आधी शोषून घेते. दहा मीटर खोलीवर तो जवळजवळ उरतच नाही. नारिंगी व पिवळा त्यामागोमाग जातात. निळा मात्र स्वच्छ समुद्रात फार खोलवर पोहोचतो. म्हणूनच खोल पाण्यातील तांबडा मासा तांबडा न दिसता काळपट दिसतो. आणि म्हणूनच प्रवाळांच्या टाकीवर निळ्या व पांढऱ्या प्रकाशाचे दिवे लावतात. पूर्वी खिडकीतून येणाऱ्या उन्हावरच सारी भिस्त असे. १९६१ साली इंडोनेशियातील ली चिन एंग या गृहस्थांनी समुद्राचे पाणी, समुद्रातील सजीव दगड, ऊन आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावरच प्रवाळ जगविण्याची आपली रीत प्रसिद्ध केली. पुढे नळीदिवे आले, आणि आता कमी विजेवर चालणारे एलईडी दिवे आले आहेत.

दिवा प्रखर असला म्हणजे काम झाले, असे नाही. त्याला दिनक्रम हवा. रोज ठरावीक वेळी तो लागावा व ठरावीक वेळी विझावा. आठ ते दहा तासांचा दिवस पुरेसा होतो. रात्रंदिवस दिवा ठेवला, तर नको असलेले हिरवे शेवाळ माजून काच झाकून जाते आणि जीवांना विसावा मिळत नाही. भर उन्हाची खिडकीही टाळावी; तेथे उजेडापेक्षा उष्णता अधिक होते. प्रवाळांना साधारण तेवीस ते एकोणतीस अंश सेल्सियस उष्णता मानवते; वैशाखात कोकणातील खोली त्याच्या कितीतरी वर जाते. त्या वेळी पाण्याच्या पृष्ठभागावरून पंख्याचा वारा सोडला, तर ज्या कारणाने माठातील पाणी गार होते, त्याच कारणाने टाकीतील पाणीही काहीसे गार होते. मात्र मग ते अधिक आटते, आणि गोड्या पाण्याची भर रोज घालावी लागते. अशी या संसारात एक गोष्ट दुसरीशी बांधलेली असते.

वीज आणि खारे पाणी यांची जवळीक धोक्याची असते, हे कधीही विसरता कामा नये. दिवा टाकीवर पक्का बसविलेला असावा. त्याच्या तारेला प्लगच्या खाली लोंबेल असा झोल ठेवतात. म्हणजे तारेवरून ओघळलेला थेंब प्लगमध्ये न जाता झोलावरून खाली गळतो. टाकीत हात घालण्यापूर्वी वीज बंद करावयाची आणि जोडणीचे काम घरातील मोठ्या माणसाकडूनच करवावयाचे, हा नियम मोडू नये. वीज गेली, की बुडबुडे थांबतात व पाण्यातील प्राणवायू कमी होऊ लागतो. अशा वेळी मगाने पाणी काढून ते वरून धार धरून पुन्हा टाकीत सोडावे. तेवढ्यानेही पुष्कळ जीव वाचतात.

पाणी झाले, धीर झाला, प्रकाश झाला. आता प्रवाळ आणावयाचे का?

येथे गॉसची उरलेली हकिकत सांगितली पाहिजे. त्याने मत्स्यालयावर पुस्तके लिहिली. ती अतोनात लोकप्रिय झाली. इंग्लंडमध्ये घरोघरी काचेच्या टाक्या दिसू लागल्या. लोक टोपल्या व बरण्या घेऊन समुद्रकिनारी लोटू लागले. प्रत्येकाने थोडेथोडेच नेले. परंतु नेणारे हजारो होते. ज्या खळग्यांचे सौंदर्य गॉसने जगाला दाखविले, ते खळगे काही वर्षांतच ओकेबोके झाले. घरी नेलेले पुष्कळ जीव फार काळ जगले नाहीत. आपल्याच लेखणीने हे घडले, याचे गॉसला फार दुःख झाले, असे त्याचा मुलगा एडमंड याने १९०७ साली लिहिलेल्या पुस्तकात नमूद केले आहे. गॉसचे समुद्रावरचे प्रेम खोटे नव्हते. परंतु प्रेम करणारा हात जर उचलून नेणाराच असेल, तर प्रेमानेही नाश होतो.

आपल्या देशाने या बाबतीत कायदाच केला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली खडक बांधणारी सर्व प्रवाळे घालण्यात आली. याच अनुसूचीत वाघ आहे. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच या नखाएवढ्या प्राण्याला. समुद्रातून प्रवाळ काढणे, ते विकणे किंवा घरी बाळगणे हा गुन्हा आहे. मग ते जिवंत असो वा वाळलेले असो. महाराष्ट्रात मालवणच्या समुद्रात प्रवाळे आहेत. तेथे १९८७ साली सागरी अभयारण्य करण्यात आले. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर समुद्रात बुडालेले एक विस्तीर्ण प्रवाळी पठार आहे. त्याला आंग्रिया बँक म्हणतात. कुलाब्याच्या सरखेल कान्होजी आंग्रे यांचे नाव असे समुद्राच्या तळाशीही जाऊन पोहोचले आहे. रोह्याच्या खाडीत मात्र प्रवाळांची बाग नाही. तेथील गाळाने उजेड अडतो आणि पावसाळ्यातील गोड्या पाण्याने खारेपणा मोडतो. टाकीत ज्या दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात, त्याच येथे नाहीत.

कायद्याने उचलून नेणारा हात थांबतो. परंतु उष्णता थांबत नाही. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्या शरीरातील शैवाल बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. पाणी लवकर निवाले, तर तो सावरतो. नाही तर मरतो. लक्षद्वीपच्या समुद्रात १९९८, २०१० व २०१६ या वर्षी प्रवाळे अशी मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली. ज्याने आपल्या टाकीतील उष्णता दोन अंशांनी उतरविण्यासाठी दिवसभर धडपड केली आहे, त्याला साऱ्या समुद्राची उष्णता दोन अंशांनी वाढणे म्हणजे काय, हे निराळे सांगावे लागत नाही.

मग रोह्यातील घरात मांडलेल्या त्या टाकीत काय ठेवावयाचे? किनाऱ्यावरचे खडबडीत दगड, त्यांवर आपोआप धरणारे हिरवे व तपकिरी शेवाळ, ते खरवडून खाणारे दोन-चार साधे शंखजीव, आणि शंखात राहणारा एखादा खेकडा. एवढ्यांतही पाहण्यासारखे पुष्कळ असते. खेकडा वाढला, म्हणजे त्याला मोठे घर लागते. टाकीत एक मोठा रिकामा शंख ठेवला, तर तो त्याची आतून-बाहेरून चाचपणी करतो आणि मग एका क्षणात बिऱ्हाड बदलतो. मासे हवेच असतील, तर बंदिस्त पाण्यात पैदास केलेले घ्यावेत. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या विदूषक माशाची अशी पैदास आपल्या देशातील केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने साधली आहे. त्यासाठी समुद्रातला एकही मासा पकडावा लागत नाही. आणि किनाऱ्यावरून आणलेले जीव, सुट्टी संपण्यापूर्वी, ज्या खळग्यातून आणले त्याच खळग्यात ओहोटीच्या वेळी नेऊन सोडावेत. मात्र त्यांत दुसरीकडचा एकही जीव मिसळू देऊ नये.

टाकी रिकामी झाली, म्हणजे खटाटोप वाया गेला, असे मुळीच नाही. पन्नास लिटर पाणी निर्मळ, गार, खारे आणि उजळ राखण्यासाठी किती हात, किती वेळ आणि किती लक्ष द्यावे लागते, हे जो शिकला, तो पुन्हा कोरलईच्या खडकांवर जातो, तेव्हा त्याची दृष्टी पालटलेली असते. त्याच्यासमोर तोच ओंजळभर खळगा असतो. त्याला दिवा कोणी लावीत नाही, त्यातील आटलेल्या पाण्याची भर कोणी मोजून घालीत नाही, त्यातील मळ कोणी काढीत नाही. दिवसातून दोन वेळा समुद्र येतो आणि सारे करून जातो. तो खळगा उचलून नेण्याचा विचार आता त्याच्या मनात येत नाही. तो काठाशी शांतपणे बसतो आणि शंख चालू लागण्याची वाट पाहतो.

शब्दार्थ
बिऱ्हाड – राहण्याचे ठिकाण, संसार.
मिठागर – समुद्राच्या पाण्यापासून मीठ करण्याची जागा.
शैवाल, शेवाळ – पाण्यात वाढणारी साधी, मूळ व फूल नसलेली वनस्पती.
झोल – सैल सोडलेला, खाली लोंबता भाग.
सरखेल – आरमाराचा प्रमुख.
अनुसूची – कायद्याला जोडलेली यादी.
भिस्त – आधार, विश्वास.

अभ्यास
१. झान व्हिलप्रूने विद्वानांचा वाद कसा मिटविला? मेलेला प्राणी पाहून तो का मिटला नसता?
२. नुसत्या मिठापासून समुद्राचे पाणी का तयार होत नाही? मिठागराच्या आधारे सांगा.
३. एका टाकीत चाळीस लिटर समुद्राचे पाणी आहे. त्यातील आठ लिटर पाणी आटले व तेवढेच समुद्राचे पाणी तीत घातले. आता दर लिटरला किती ग्रॅम क्षार झाले?
४. प्रवाळ व त्याच्या शरीरातील शैवाल यांना घरमालक व भाडेकरू का म्हटले आहे?
५. ‘प्रेमानेही नाश होतो’ हे वाक्य कोणाच्या संबंधात आले आहे? तुमच्या गावातील एखादे उदाहरण देऊन ते स्पष्ट करा.
६. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : भिस्त असणे, ओकेबोके होणे, दृष्टी पालटणे, वाया जाणे.
७. करून पाहा : सारख्या आकाराच्या दोन वाट्या घ्या. दोहोंत मिठाचे पाणी सारखेच भरा व पातळीची खूण करा. एकीत आटलेल्या पाण्याची भर रोज गोड्या पाण्याने व दुसरीत मिठाच्या पाण्याने घाला. पंधरा दिवसांनी दोन्ही वाट्यांतील पाणी पूर्ण आटू द्या. काय दिसते, ते वहीत लिहा.